मुंढ्यात फाटलेला टॉप आणि आठ रविवार

पत्रातला प्रश्न, थोडक्यात: वाचक कार्यालयात बसून काम करतात. वर्षभरापूर्वी त्यांनी शिलाई मशीन घेतलं. त्यावर अभ्रे, पडदे आणि घरी घालायचे दोन गाऊन शिवून झाले. यंदा उन्हाळ्याच्या आत कामावर घालायचे दहा कपडे घरीच शिवायचं त्यांनी ठरवलं आहे: सहा टॉप, दोन ट्राउझर, एक स्कर्ट, एक कॉलरचा शर्ट; प्रत्येकाचा नमुना निराळा. हाताशी दोन महिने आहेत, पण मशीनवर बसायला मिळतं ते रविवारीच. तीन मीटर जाडसर लिनन (पन्हा, म्हणजे रुंदी, १४० सेंमी) आणि अडीच मीटर गडद निळं क्रेप आणून ठेवलं आहे. पहिला टॉप पॉपलिनचा शिवला, अंगाबरोबर. हवा खेळावी म्हणून मुंढा (बाही जोडायची गोलाई) तीन सेंमी खाली कापला. आरशासमोर तो छान बसला. कामावर तिसऱ्या दिवशी पाठीकडून, उजव्या मुंढ्यालगत कापड चिरलं. शिलाई मात्र शाबूत आहे. त्या विचारतात: चूक दोऱ्याची की कापडाची? लिननला अस्तर लावलं तर ते ऑफिसला शोभेल का? की हा नाद सोडून तयार कपडेच घ्यावेत?

उत्तर:

फाटलेला टॉप टाकून देऊ नका. तो उजेडात धरा आणि मुंढ्याची जागा जवळून बघा. टीप जशीच्या तशी आहे आणि तिला लागून, सुईच्या भोकांच्या रांगेवर कापड उभं चिरलं आहे. दोरा कच्चा असता तर टीप उसवली असती आणि कापड वाचलं असतं. इथे उलट झालं आहे. दोऱ्याने आपलं काम केलं, पॉपलिनचीही फारशी चूक नाही. पाठीला कापड कमी पडलं, म्हणून सगळा ताण त्या एका रेषेवर आला.

आरशासमोर हे कळत नाही, कारण आरशासमोर आपण हात खाली सोडून उभे असतो. कामावर मात्र दिवसभर हात पुढे असतात. एक माप घेऊन बघा. हात खाली असताना पाठीवर एका बगलेच्या घडीपासून दुसऱ्या घडीपर्यंत टेप धरायला कुणाला तरी सांगा. मग दोन्ही हात पुढे घेऊन स्वतःला मिठी मारल्यासारखे आवळा आणि तेच माप पुन्हा घ्या. फरक सहज चार-पाच सेंमी निघतो. अंगाबरोबर शिवलेल्या टॉपमध्ये ही जागा ठेवलेलीच नसते, आणि विणलेलं सुती कापड ताणत नाही.

मुंढ्याबद्दलचा तुमचा समजही तपासून बघायला हवा, कारण पुढच्या प्रत्येक कपड्यात तो आडवा येईल. मुंढा खाली घेतला की हवा खेळते, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात बाहीच्या कपड्यात मुंढा जितका खाली, तितका हात अंगाला बांधला जातो. हात वर केला की बाही मुंढ्याच्या तळापासून कापड ओढते. तळ खाली असेल तर अख्खा टॉप कमरेवरून वर येतो आणि पाठ ताणली जाते. तळ बगलेखाली २ ते २.५ सेंमी असावा, त्याहून खाली नको. बिनबाह्यांच्या टॉपला तो आणखी एक-दीड सेंमी वर हवा, नाहीतर आतले कपडे दिसतात. हवा येते ती बाहीच्या तोंडातून, घेरातून आणि गळ्यातून. म्हणून मुंढा वर ठेवा आणि बाही रुंद करा: दंडाच्या मापात ६ ते ८ सेंमी जास्त धरा आणि बाहीच्या माथ्याची (वरच्या गोल भागाची) उंची १० ते ११ सेंमी ठेवा. चौदा-पंधरा सेंमी उंच माथ्याची बाही हात खाली असताना सुरेख पडते, पण हात उचलला की अडते. शिवण्याआधी बाहीच्या माथ्याची गोलाई मुंढ्याच्या गोलाईशी टेपने मोजून बघा, बाहीची १.५ ते २ सेंमी जास्त भरली पाहिजे.

पाठीला जागा देण्याचा सोपा मार्ग असा. पाठीच्या नमुन्याचा कागद मानेच्या मणक्याखाली १० सेंमीवर आडवा कापा. वरचा तुकडा योक होईल, तो दुहेरी ठेवा. खालच्या तुकड्याला मधल्या घडीच्या रेषेबाहेर ३ सेंमी कागद जोडा. कापडावर घडी उघडली की ६ सेंमी जास्त मिळतात, त्यांची योकखाली मधोमध एक पेटीसारखी चुणी घाला. शिवाय मुंढ्याच्या बाजूने दर अर्ध्या पाठीला १ सेंमी वाढवा, योकच्या तुकड्यालाही. खांदा तेवढाच राहतो. दिसायला टॉप नेटका दिसतो आणि हात पुढे गेला की चुणी उघडते.

आणखी एक, छोटं पण तितकंच महत्त्वाचं. ताणाची जागा म्हणून तुम्ही तिथे टाका बारीक केला होता का? तसं करायचा मोह होतोच. पातळ सुती कापडावर १.५ मिमीचे टाके म्हणजे टपाल तिकिटांच्या कडेसारखी भोकांची रांग, आणि त्यात सुई जाड असेल तर कापड तिथूनच फाटतं. मलमल, व्हॉइल अशा पातळ, झिरझिरीत सुती कापडाला ९ किंवा १० नंबरची सुई, पॉपलिन, केंब्रिक आणि शर्टाच्या लिननला ११ किंवा १२, ट्राउझरच्या कापडाला १४. टाका २.२ ते २.५ मिमी. साध्या चांगल्या पॉलिस्टर दोऱ्याने सुती कपडा गरम होत नाही, तो निर्धास्त वापरा.

आता दहा कपड्यांचा हिशेब. रविवारी पाच तास धरले तर आठ रविवारांचे चाळीस तास होतात. पहिला रविवार कापड धुण्यात आणि मापं घेण्यात जाईल, दुसरा चाचणीच्या कपड्यात. उरले तीस तास. तुमच्या आजच्या हाताला एक नवा टॉप कापण्यापासून काजांपर्यंत आठ तास घेईल. तोच टॉप दुसऱ्यांदा शिवला तर पाच-सहा, तिसऱ्यांदा चार-पाच. पहिल्या ट्राउझरला दहा तास सहज लागतील. सहा निराळे नमुने घेतले तर सहाही वेळा तुम्ही ‘पहिल्यांदा’ शिवत असाल, आणि मुंढ्याची चूक सहा निराळ्या रूपांत समोर येईल.

म्हणून माझं सांगणं असं: नमुना एकच घ्या. तो तुमच्या अंगावर, तुमच्या खुर्चीत बसून, नीट बसेपर्यंत त्याच्या मागे लागा. मग त्याच कागदावरून तीन टॉप शिवा. एकाला समोर पूर्ण बटणपट्टी आणि उभी पट्टी कॉलर, दुसऱ्याला डोक्यातून घालायचा व्ही गळा, तिसऱ्याला लांब बाही, कोपराखाली दुमडता येणारी. कापड तीन प्रकारचं घेतलं तर तिन्ही एकाच कागदातून आले आहेत हे कुणाला ओळखू येणार नाही. त्यात एक ट्राउझर मिळवा. हे चार कपडे तीस तासांत बसतात आणि उसवायला थोडा वेळही राहतो. दुसरी ट्राउझर आणि कॉलरचा शर्ट यंदा तयार घ्या. उभ्या पट्टीवर बसवलेली टोकदार कॉलर दोन्ही टोकांना सारखी यायला सराव लागतो, आणि तो सराव घाईच्या हंगामात करू नये. शिवायचं की विकत घ्यायचं, असा सगळ्या कपाटाचा एकदम निकाल लावायची गरज नाही. जो कपडा तुमच्या अंगावर तयार कधीच नीट बसत नाही, तो शिवा. जो बसतो, तो विकत घ्या.

तुमच्या पत्रात ‘अंगाबरोबर म्हणजे ऑफिसला शोभणारं’ हे गृहीत धरलेलं दिसतं. मला ते पटत नाही. कपडा नेटका दिसतो तो खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावर बसली, गळा अंगालगत राहिला, खालची दुमड सरळ आली आणि प्रत्येक टिपेवर इस्त्री फिरली म्हणून. या चार गोष्टी साधल्या की छातीला १२ सेंमी सैल टॉपही टापटीप दिसतो. उन्हाळ्यात छातीला १० ते १४ सेंमी आणि नितंबांना किमान ८ सेंमी जास्त धरा. सैल कपड्यात अंग आणि कापड यांच्यामध्ये हवा फिरते, घाम वाळतो. चिकटलेल्या कपड्यात कापड कितीही चांगलं असलं तरी तो वाळत नाही.

याच कारणाने लिननबद्दलही थोडं सबुरीने घ्या. लिनन थंड वाटतं हे खरं. आपल्या वजनाच्या सुमारे १२ टक्के ओल ते हवेतून धरू शकतं, कापूस साधारण ८ टक्के, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. पण धाग्याइतकंच महत्त्व विणीला आणि वजनाला आहे. दर चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारं घट्ट लिनन टॉपला वापरलं तर ८० ग्रॅमचं साधं व्हॉइल त्याहून थंड वाटेल. टॉपला ८० ते १३० ग्रॅम सुती किंवा १२० ते १५० ग्रॅम लिनन बरं. ट्राउझरला १७० ते २२० ग्रॅम. वजन छापलेलं नसेल तर धुऊन वाळवल्यावर कोपऱ्यातून १० सेंमी बाजूचा चौकोन कापून स्वयंपाकघरातल्या बारीक वजनकाट्यावर ठेवा. जितके ग्रॅम भरतील त्याला शंभरने गुणा. दीड ग्रॅम म्हणजे दीडशे. वीण तपासायला कापड ओठांशी धरून फुंका, पलीकडे तळहातावर फुंकर लागली पाहिजे. मग पाण्याचा एक थेंब टाका. तो लगेच पसरला तर घामही पसरेल आणि वाळेल. मण्यासारखा उभा राहिला तर एकदा धुऊन पुन्हा बघा, कारण नव्या कापडावर खळ असते. धुतल्यावरही उभाच राहिला तर ते कापड टॉपला नको.

तुमचं तीन मीटर लिनन तुम्ही स्वतःच जाडसर म्हणता, तेव्हा ते ट्राउझरला ठेवा. सरळ पायाच्या ट्राउझरला १४० पन्ह्यात मापानुसार दीड ते सव्वादोन मीटर लागतं. कापडाला कात्री लावण्याआधी जमिनीवर ७० सेंमी रुंदीची पट्टी खडूने आखा, ती तुमच्या दुमडलेल्या कापडाची रुंदी. कागदाचे पुढचे-मागचे भाग एकमेकांत उलटसुलट बसवून त्यात मावतात का बघा. मावले तर एका लांबीत काम होतं आणि उरलेल्यात बिनबाह्यांचा टॉप नाहीतर अर्ध्या बाहीचा सुटसुटीत टॉप निघतो. मात्र कापडाला एकाच दिशेची नक्षी किंवा चमक असेल तर उलटसुलट मांडू नका.

निळ्या क्रेपचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि ताटलीवर जाळा. वितळून टणक काळा मणी झाला तर ते पॉलिस्टर. राख मऊ पडली आणि कागद जळल्यासारखा वास आला तर व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) किंवा सुती. व्हिस्कोस असेल तर टॉप छान होईल, फक्त ओलं असताना ते बरंच कमकुवत होतं, म्हणून पिळू नका. पॉलिस्टर निघालं तर या उन्हाळ्यात त्याला हात लावू नका. पैसे गुंतले आहेत म्हणून शिवलेला कपडा कपाटात पडून राहतो, आणि त्यात तुमचा एक रविवार जातो. घडी घालून ठेवा, थंड दिवसांत घेरदार स्कर्ट होईल.

अस्तराचं उत्तर: टॉपला नको. अस्तर म्हणजे दुसरा कपडाच, आणि बाजारात सहज मिळणारं अस्तर पॉलिस्टरचं असतं. कापड आरपार दिसतं का हे बघायला ते तळहातावर ठेवून उपयोग नाही. आत जे घालणार त्या रंगावर ठेवा आणि खिडकीच्या उजेडात बघा. अंगाच्या रंगाशी जुळणारं आतलं वस्त्र पांढऱ्यापेक्षा कमी दिसतं. तरीही शंका असेल तर फक्त समोर, छातीपर्यंत, त्याच कापडाचा दुसरा थर योकसारखा घाला. फिकट ट्राउझरला पुढच्या भागात कंबरेपासून गुडघ्याखाली चार बोटांपर्यंत व्हॉइलचा थर पुरतो. स्कर्टला सुती अस्तर लावू नका, लिननवर सुती घासून वर चढतं; तिथे गुळगुळीत व्हिस्कोसचं अस्तर घ्या.

कापड आधी धुवा, आणि पुढे कपडा जसा धुणार तसंच धुवा. मशीनमध्ये धुणार असाल तर आताही मशीनमध्येच. सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं, सैल विणीचं लिनन आणि व्हिस्कोस त्याहून जास्त आटू शकतं. ५ टक्के म्हणजे तीन मीटरमागे १५ सेंमी, म्हणजे शिवलेल्या ट्राउझरचे घोटे उघडे. लिनन आणि व्हिस्कोस दोनदा धुवा. धुण्याआधी कापलेल्या दोन्ही कडांवर झिगझॅग टीप मारा, नाहीतर मशीनमधून धाग्यांची गुंतवळ निघेल. किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा.

लिनन कापताना एक काम चुकवू नका. काठापाशी छोटा छेद द्या, आडवा एक धागा सुईच्या टोकाने उचला आणि हळूहळू ओढा. कापड त्या धाग्यावर चुरगळत जातं, मग तो निसटतो आणि मागे केसासारखी बारीक मोकळी रेघ राहते. त्या रेघेवर कापा. धागा मधेच तुटला तर रेघ जिथवर दिसते तिथवर कापा आणि पुढचा धागा उचला. दहा मिनिटं लागतात. हे न करता डोळ्याच्या अंदाजाने कापलेल्या ट्राउझरचा एक पाय दोन धुण्यांनंतर पिळवटून घोट्याभोवती फिरतो आणि मग कुठल्याच इस्त्रीने तो सरळ होत नाही. व्हिस्कोससारखं सुळसुळीत कापड असेल तर त्याला आधी कडक खळ देऊन वाळवा, मग कापा आणि शिवा; शेवटी धुतलं की खळ निघून जाते.

चाचणीचा टॉप जुन्या चादरीचा करा. माया (टिपेबाहेर सोडायचं कापड) दोन सेंमी सोडा, टाका ४ मिमी ठेवा, एकच बाही लावा, गळा दुमडू नका. अंगात घाला, टाचण्यांनी समोर बंद करा आणि दहा मिनिटं खुर्चीत बसा. हात टेबलावर ठेवा, वरच्या फळीवरचं काहीतरी काढा, वाकून पिशवी उचला. मग कापडावर पडलेल्या सुरकुत्या वाचा. सुरकुती ज्या जागेकडे बोट दाखवते तिथे कापड कमी आहे. पाठीवर मुंढ्यापासून मुंढ्यापर्यंत आडव्या ताणलेल्या रेघा आल्या तर पाठ अरुंद. छातीच्या उभारापासून बगलेकडे तिरप्या रेघा आल्या तर छातीला जागा आणि टक (निमुळती शिवलेली घडी) हवा. तिथे बाजूची शिलाई सैल करून भागत नाही, कारण कापड लांबीतही कमी पडलेलं असतं. मानेखाली आडवी मऊ घडी पडली तर तिथे लांबी जास्त आहे, तेवढी टाचून कागदातून काढा. उभ्या सैल घड्या असतील तर घाबरू नका, उन्हाळ्यात त्या हव्यातच. जो बदल कराल तो त्याच वेळी कागदावर उतरवा. पुढच्या रविवारी तो आठवत नाही.

घामाच्या कपड्याला आतून उघड्या कडा नकोत. त्या टोचतात आणि धुऊन धुऊन सुटतात. पातळ कापडाला फ्रेंच शिलाई करा. माया १.५ सेंमी असेल तर आधी कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून ९ मिमीवर टीप मारा, माया छाटून ३ मिमी ठेवा, इस्त्री करा. मग सुलट बाजू आत घेऊन ६ मिमीवर दुसरी टीप. बाहेर धाग्यांची शेपटं डोकावली तर छाटणी नीट झाली नाही असं समजा. बाही लावताना बाजूची शिलाई आधी घालू नका. खांदा जोडा, बाही सपाट पसरून मुंढ्याला जोडा, आणि मगच बाहीच्या तोंडापासून टॉपच्या घेरापर्यंत एकच टीप घाला. नवख्या हाताला याने निम्मी कटकट वाचते, आणि माथा कमी उंच ठेवला असल्याने बाही सहज बसते. ट्राउझरच्या जाड लिननला फ्रेंच शिलाई जाडजूड होते. तिथे कडा ओव्हरलॉक किंवा झिगझॅग करून माया दोन्हीकडे उघडून दाबा.

गळा कापल्याबरोबर कडेपासून १ सेंमीवर एकेरी टीप मारून ठेवा, म्हणजे हाताळताना तो ताणत नाही. गळ्याच्या आतून ३ सेंमी रुंद उरेब (तिरपी कापलेली) पट्टी लावा. रुंद फेसिंग (गळ्याला आतून लावलेला कापडाचा तुकडा) घामाने चिकटतं आणि सारखं बाहेर येतं. उभ्या कॉलरला आणि बटणपट्टीला चिकटवायचं फ्यूजिंग (कडकपणासाठी आतून इस्त्रीने चिकटवायचं कापड) घेणार असाल तर विणलेलं, पातळ घ्या. ते आधी कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून, न पिळता वाळवा. इस्त्री घासू नका, दाबून धरा, दहा-पंधरा सेकंद, आणि थंड होईपर्यंत कापड हलवू नका. धुतल्यावर कॉलरवर फोड येतात ते कापड आणि फ्यूजिंग वेगवेगळं आटल्यामुळे. पातळ सुती टॉपला मी तर सरळ ऑर्गंडी (पातळ, कडक सुती कापड) सुचवेन. ती चिकटवावी लागत नाही, धावदोऱ्याने धरली की पुरते, आणि गोंदाचा थर नसल्यामुळे मानेला उकडत नाही.

बटणांची सुरुवात गळ्यापासून करू नका. छातीच्या सगळ्यात भरलेल्या रेषेवर पहिलं बटण नक्की करा, मग त्याच्या वर आणि खाली ८ ते ९ सेंमी अंतर ठेवत जा. बसल्यावर समोर फट पडते ती याच रेषेवर बटण नसल्यामुळे. काज आधी त्याच कापडाच्या तेवढ्याच थरांवर करून बघा. कापताना काजाच्या टोकाशी आडवी टाचणी लावा, म्हणजे कात्री टोक पार करून जाणार नाही.

ट्राउझरचं एकच माप लोक चुकवतात, ते बसून घ्यायचं. कडक खुर्चीत ताठ बसा, बाजूने कंबरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत मोजा आणि त्यात २ ते २.५ सेंमी मिळवा. सीटची उंची ती. समोर सपाट कंबरपट्टी आणि मागे फक्त मागच्या भागात ३ ते ४ सेंमी रुंद इलॅस्टिक ठेवलं तर चेनचा पहिला धडा टळतो आणि टॉप बाहेर सोडल्यावर ते कुणाला दिसतही नाही. पण इलॅस्टिक ताणून नितंबांवरून जायला हवं, म्हणून मागची कंबर कापडात नितंबांपेक्षा फार अरुंद कापू नका. दोन्ही पाय जोडणारी सीटची शिलाई दोनदा घाला, दुसरी पहिल्यापासून ३ मिमी बाहेर, मायेच्या बाजूने. खिशाच्या पिशव्या व्हॉइलच्या करा. मांडीवर जाड लिननचे तीन थर दिवसभर नकोसे होतात. ट्राउझरवर रोज त्याच जागी धारदार घडीची इस्त्री करू नका. लिननचा तंतू पुन्हा पुन्हा त्याच रेषेवर मोडला की तिथेच तुटतो.

रंग निवडताना घामाचा विचार करा. एकरंगी फिकट करडा आणि आकाशी यांवर ओला डाग सगळ्यात ठळक दिसतो. पांढरा, गडद निळा आणि बारीक नक्षी यांवर तो फारसा दिसत नाही. उन्हात बराच वेळ चालावं लागत असेल तर गडद टॉप टाळा, गडद ट्राउझर चालेल. बगलेत काढता येणारे छोटे पॅड लावायचे असतील तर मऊ जुन्या सुती कापडाचे दोन थर अर्धगोलात कापून कडेने शिवा आणि मायेला दोन-दोन टाक्यांनी अडकवा. आठवड्याला काढून वेगळे धुता येतात. डिओडरंट पूर्ण वाळल्याशिवाय टॉप घालू नका, बगलेतला पिवळेपणा बराचसा त्याचाच असतो.

आत एसी आणि बाहेर ऊन असेल तर जाड टॉप शिवून तो प्रश्न सुटत नाही. तीस तासांतून काही उरलेच तर याच कागदाला दोन्ही बाजूंनी मिळून ८ सेंमी रुंदी, मुंढ्याला १.५ सेंमी खोली आणि बाहीला त्या प्रमाणात रुंदी वाढवून समोरून उघडा, बटण नसलेला वरचा शर्ट करा. इथे मुंढा खाली घेतलेला चालतो, कारण आत दुसरी बाही मावायची असते.

फाटलेल्या पॉपलिनच्या टॉपची पाठ वर सांगितल्याप्रमाणे १० सेंमीवर आडवी कापा. उरलेल्या कापडातून चुणी घातलेली नवी खालची पाठ काढा, आणि खाली गेलेल्या मुंढ्यात बगलेखाली ९ सेंमी बाजूचा चौकोनी तुकडा तिरका बसवा. तो सगळ्यात सुबक दिसणार नाही, पण चुणी, योक आणि बाही या तिन्हींचा हात त्यावर बसेल, आणि आठवडाभर घालून बघितलात की कागदात अजून काय बदलायचं तेही कळेल. चादर मात्र आधी शोधून ठेवा, आणि या रविवारी सकाळी लिनन पहिल्यांदा धुवायला टाका. दोनदा धुऊन वाळेपर्यंत संध्याकाळ होईल, तोवर मापं घेऊन होतील.